पानिपताहून आणलेला रणजित

आमच्या कुत्र्याला फुगलेल्या फुलक्याची भीती वाटायची.

गॅसवर फुलका टम्म फुगला, की हा स्वयंपाकघराच्या दारातून उलट्या पावली निघायचा तो थेट दिवाणाखाली. फुलक्यातून वाफ फुस्स झाली, की दिवाणाखालून बारीक कण्हणं ऐकू यायचं. शेवटी मी फुलके सोडून घडीच्या पोळ्या करायला लागले. (घडीच्या पोळीबद्दल त्याची तक्रार नव्हती. ती तो खायचा.) छत्री उघडली की भीती, छत्री मिटली की भीती. कुकरची शिट्टी, पेपरचं पान उलटल्याचा आवाज, हेल्मेट घातलेला माणूस, आणि स्वतःचीच शेपटी दारावर आपटली तर ती कोणी आपटली याची भीती! आम्ही राहतो दिल्लीतल्या द्वारकेला. विमानतळ जवळ, त्यामुळे सोसायटीवरून विमानं इतकी खालून जातात की गच्चीवरचे कपडे हलतात. त्या विमानांकडे मात्र हा ढुंकून बघायचा नाही. आख्खं विमान चालेल, फुलका नको.

त्याचं नाव रणजित.

नावाची गोष्ट सांगायची तर पानिपतापासून सुरुवात करावी लागेल. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाकडून पाहुणा आला, की त्याला कुतुबमिनार नाही दाखवला तरी चालतं, पानिपत दाखवावंच लागतं. आमचे हे आयुष्यभर केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला, त्यामुळे पाहुण्यांना तोटा नव्हता. आम्ही पानिपत इतक्या वेळा पाहिलं, की प्रत्यक्ष लढाईतल्या लोकांनीही तेवढं पाहिलं नसेल. सगळं ठरलेलं असायचं. पाहुणा स्मारकापाशी उभा राहतो, त्याचा गळा दाटून येतो, आणि मग तो डोळे पुसून विचारतो, "इथे ब्लँकेटं स्वस्त मिळतात ना?"

त्या खेपेला यांचे साताऱ्याचे चुलतभाऊ आले होते, अण्णाभाऊजी. त्यांचाही गळा दाटला, आणि त्यांनाही ब्लँकेटं हवी होती. बाजारात दुकानासमोर एक हातगाडी उभी होती, तिच्याखाली कुत्री आणि तिची पिल्लं. तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराने शटर खडखडत वर केलं. कुत्री पिल्लं टाकून गटाराच्या पाइपात घुसली आणि आतून तिची नुसती थरथरती शेपटी दिसत राहिली. मी म्हटलं, थंडी वाजत असेल बिचारीला.

मे महिना होता.

बाकीची पिल्लं पांगली. एक तेवढं यांच्या बुटावर येऊन बसलं आणि थरथरायला लागलं. हे वाकले, त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "अगं, हे माझ्या बुटावर बसलंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने स्वतःसाठी म्हणून काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत. त्यामुळे "बुटावर बसलंय" हा त्यांच्या हिशेबाने हट्टच होता. अण्णाभाऊजींना तर स्फुरण चढलं. "वहिनी, या मातीतलं पिल्लू आहे! नाव साजेसं हवं. रणजित!" पानिपताहून मराठी माणसाने आजवर काही परत आणलं नव्हतं. आम्ही एक कुत्रा आणि तीन ब्लँकेटं आणली. वाटेत एका ट्रकने हॉर्न दिला आणि रणजित अण्णाभाऊजींच्या ब्लँकेटवर ओकला.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे साठी नुकतीच ओलांडली होती. आता पंचाहत्तरी दिसायला लागली आहे, आणि इथून त्या बाईकडे बघितलं की हसूच येतं. काय तो ताठा! काय तो आत्मविश्वास! नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली गणिताची मास्तरीण. सरकारी शाळेतली दांडगी पोरं मला घाबरायची, त्यामुळे ती दुसऱ्या कशालाच घाबरायची नाहीत, असा माझा सिद्धांत होता. भीती म्हणजे संस्कारांची उणीव. बास. आमच्या नितीनला लहानपणी मी दर दिवाळीला स्वतःच्या हाताने सुतळी बॉम्ब लावायला लावला होता. तो रडत रडत लावायचा, पण लावायचा! आज तो गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसतो, हे त्या बॉम्बमुळेच, असं मी लोकांना सांगत असे.

आमचे हे त्यातलं कशातच नसत. शांत माणूस. फाइल, चहा, संध्याकाळचा फेरफटका. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत, फक्त दर दिवाळीला पोट बिघडायचं. लक्ष्मीपूजनाची आरती झाली रे झाली, की हे पोटावर हात ठेवून बाथरूममध्ये, ते बाहेरची दंगल थंडावल्यावरच बाहेर. मी चकलीतलं मोहन कमी केलं. चिवड्यातले दाणे कमी केले. ओव्याचा अर्क, हिंग, सुंठ, सगळं झालं. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. आमच्या चकल्या दगडासारख्या व्हायला लागल्या, पण यांचं पोट काही सुधारलं नाही.

तर, अशा या बाईने रणजितला शूर करायचं हाती घेतलं.

पहिला उपाय घरगुती. मला वाटलं, पिल्लाला दृष्ट लागली असेल. (रंगरूप असं होतं की मातीत बसला तर दिसायचा नाही. पण आपल्या लेकराला दृष्ट लागतेच.) मी मीठ, मोहरी आणि सात-आठ लाल मिरच्या मुठीत घेतल्या, त्याच्यावरून ओवाळल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या. आमच्या आईकडे हे मागच्या अंगणात शेगडीवर चालायचं. सहाव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये ते करून बघितलेलं कोणी माझ्या माहितीत नव्हतं. ते का नव्हतं, हे लगेच कळलं. मिरचीचा खाट दाराच्या फटीतून जिन्यात गेला, जिन्यातून सातव्या मजल्यावर गेला, तिथल्या बाईंनी "आग! आग!" म्हणून खाली फोन केला. दोन गार्ड लाल सिलिंडर घेऊन धावत आले आणि मी "अरे भैया, नज़र उतार रही हूँ" हे खोकत खोकत सांगेपर्यंत त्यांनी तव्यावर, ओट्यावर, देवघरावर आणि माझ्यावर पांढरी पूड मारलीसुद्धा. रणजित दिवाणाखाली होता. बाहेर काढला तेव्हा तो फुलका, छत्री, कुकर आणि हेल्मेट यांच्या जोडीला गार्डला, लाल रंगाला आणि मला घाबरायला लागला होता.

मग हे त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मीही गेले, कारण मला त्यांना काही गोष्टी समजावून सांगायच्या होत्या.

डॉक्टरीणबाई नितीनपेक्षाही लहान, पंजाबी, गोड मुलगी. तिने रणजितला हातसुद्धा लावला नाही. जमिनीवर त्याच्याकडे पाठ करून बसली आणि तशीच आमच्याशी बोलली. आईबद्दल विचारलं. आम्ही पाइपातल्या शेपटीचं वर्णन केलं. ती म्हणाली, "आंटी, ये इसे माँ से मिला है।" मग तिने समजावलं ते असं. मेंदूत वेगवेगळी रसायनं असतात. एक सांगतं, पळ. दुसरं सांगतं, अरे थांब, फुलका आहे तो. रणजितच्या डोक्यात पहिलं भरपूर आणि दुसरं जेमतेम. हे त्याने ठरवलेलं नाही. आई पोटुशी असताना भेदरलेली होती, तिची आईही तशीच असेल, ते रक्तातूनच खाली आलेलं आहे. ओरडून, लाजवून, समजावून ते प्रमाण बदलत नाही. गोळ्यांनी थोडं बदलतं. एक शांत कोपरा द्यायचा, त्याच्याजवळ बसायचं, आणि ज्याची भीती वाटते त्याच्यापुढे ओढून न्यायचं नाही. "ज़बरदस्ती बिल्कुल नहीं।"

मी मान डोलावली. इतकी वर्षं वर्गावर काढल्यामुळे, मान डोलावणाऱ्याला काहीही कळलेलं नसतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

यांनी मात्र तिला एकच प्रश्न दोनदा विचारला. "मतलब इसकी ग़लती नहीं है?" ती म्हणाली, नाही अंकल. यांनी पुन्हा विचारलं, "बिल्कुल नहीं?" मला वाटलं, यांना ऐकायला कमी यायला लागलं.

घरी आल्यावर मी गोळ्या फ्रिजवर ठेवल्या आणि दुसरा उपाय हाती घेतला. गणपती तोंडावर आले होते. आमच्या सेक्टरमधली मराठी मंडळी दरवर्षी पार्कात गणपती बसवतात. त्या वर्षी मुलांनी ढोलपथक उभं केलं होतं. दिल्लीत जन्मलेली, "आजी, 'ताटकळणे' म्हणजे काय?" असं विचारणारी मुलं, पण ढोल बडवताना अस्सल! मी ठरवलं, रणजितला तिथे न्यायचं. एकदा का मराठी कुत्र्याने पहिल्या रांगेत उभं राहून ढोल ऐकला, की फुलक्याची काय बिशाद! हे म्हणाले, "नको गं. राहू दे त्याला घरी." दोनदा म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही असे मऊ आहात म्हणून तो घाबरतो."

ते उठून दिवाणापाशी, रणजितजवळ जाऊन बसले. ते तसेही तिथेच बसत, त्यामुळे माझ्या लक्षात काही आलं नाही.

मी नऊवारी नेसले. नथ घातली. रणजितच्या गळ्यात भगवी रिबीन बांधली. तो निसटू नये म्हणून त्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गच्च गुंडाळला. (हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. पुढचं सगळं त्या दोन वेढ्यांमुळे झालं.) मंडपात मूर्तीचं स्टेज लाकडी फळ्यांचं, कमरेइतकं उंच, त्याला चारी बाजूंनी सॅटिनची झालर. मी मुलांच्या अगदी समोर, छाती काढून उभी राहिले. ओळखीच्या बायकांना सांगितलं, आता बघाच.

ढोलावर पहिली टिपरी पडली.

रणजित झालरीखाली गेला. माझं मनगट त्याच्या मागोमाग गेलं. मनगटामागे मी गेले. एवढासा कुत्रा, पण भीतीचं बळ असं की माझ्यासारखी वजनदार बाई गुडघ्यांवर, मग पोटावर, सरपटत स्टेजखाली! आत अंधार, तारांचं जाळं, विटा, रिकामी खोकी. नथ झालरीत अडकली. ती सोडवायला मी जे हाताला लागलं ते ओढलं. ती मंडपाची मुख्य तार होती. दिवे गेले, स्पीकर गेला. बाहेर कोणीतरी म्हणालं, "लो, बिजली गई।" ढोलाला वीज लागत नाही, त्यामुळे तो चालूच राहिला. मधूनच कोणी विचारत होतं, काकू कुठे गेल्या? माझे पाय बाहेरच राहिले होते, हे मला नंतर फोटोत कळलं.

रणजित एका विटेला चिकटून असा थरथरत होता की वीटही हलत होती. मी त्याला ओढत होते, दटावत होते, वर्गातला आवाज लावत होते. तेवढ्यात मागची झालर वर झाली आणि हे आत आले. रांगत. त्यांचे गुडघे दुखायचे, देवासमोर सुद्धा ते खुर्चीवर बसायचे. तो माणूस रांगत आला, रणजितच्या पलीकडे आडवा झाला, आणि दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकून घेतले.

डोक्यावर ढोल चालूच होता. माझा हात यांच्या हाताला लागला.

"अहो, तुम्ही का थरथरताय?"

"थंडी वाजतेय," हे म्हणाले.

भाद्रपदातली दिल्ली होती. माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. त्या अंधारात पोटावर पडल्या पडल्या मला पाइपातली ती शेपटी दिसली.

"मला सहन होत नाहीत गं आवाज," ते म्हणाले. "लहानपणापासून."

"मग दिवाळीत..."

"पोट कधीच बिघडलं नव्हतं."

मग त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडीलही लक्ष्मीपूजन झालं की मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसायचे. आई सगळ्यांना सांगायची, मोटर बघायला गेलेत. एका वर्षी लहान असताना हे त्यांच्या मागोमाग गेले, तर वडील विहिरीच्या पायऱ्यांवर कान झाकून बसलेले. मुलाला बघून त्यांनी शेजारी जागा करून दिली.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"कसं सांगणार? तू नितीनला बॉम्ब लावायला लावायचीस. मी आतून ऐकायचो."

आता इथे शहाण्या बाईने काहीतरी मऊ बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आणि मी इतकी वर्षं चकलीत मोहन कमी घातलं!"

हे हसले. आवाज न करता, पोट हलेपर्यंत हसले. रणजितने बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच इतकं हलणारं माणूस इतक्या जवळून पाहिलं आणि तो घाबरला नाही. कोणीतरी तार जोडली, दिवे आले, आमच्या डोक्यावर आरती सुरू झाली. त्या वर्षी गणपतीच्या पायांशी सगळ्यांत जवळ आम्हीच तिघं होतो, फक्त खालच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी मी फ्रिजवरच्या गोळ्या उतरवल्या.

त्यानंतरच्या दिवाळ्या आमच्याकडे रीतसर बाथरूममध्ये साजऱ्या झाल्या. बादली उलटी करून यांची बैठक. खिडकीवर पानिपतचं ब्लँकेट. कोपऱ्यात ट्रान्झिस्टर, त्यावर जे काही लागेल ते. रणजित त्यांच्या पायांत मान खुपसून. दिल्लीत फटाक्यांवर बंदी असते. ती बंदी किती मोडली हे दाखवायलाच लोक फटाके वाजवतात, त्यामुळे बैठक लांबायची. मी बाहेर हॉलमध्ये पहाऱ्याला. दारातून फराळाची ताटली आत सरकवायची. चकलीत आता मोहन भरपूर.

"आत ठीक?"

"ठीक."

शुभेच्छा द्यायला कोणी आलं, की मी सांगायची, पोट बिघडलंय. "कुत्र्याचं?" असं एकीने विचारलं. मी म्हटलं, दोघांचंही. नितीन मात्र त्या संध्याकाळी कधी यायचा नाही. त्याचं दर लक्ष्मीपूजनाला अमेरिकेशी बोलणं असायचं, दारं लावून, कानांवर ते मोठे हेडफोन घालून. अमेरिकेला कुठली आलीय दिवाळीची सुट्टी, असं तो म्हणायचा. मला त्याच्या कामसूपणाचा अभिमान वाटायचा. (गणिताच्या बाईला दोन आणि दोन एवढंही करता येऊ नये!)

सरत्या श्रावणात हे गेले. दोन वर्षं झाली. हृदयाचं दुखणं, थोडेच दिवस दवाखाना. तिथे सतत काहीतरी वाजत असायचं. यंत्रं, ट्रॉल्या, दारं. दर वेळी यांचा हात दचकायचा. मी दोन्ही तळव्यांनी त्यांचे कान झाकून बसायची. नर्सला वाटलं मी डोकं दाबतेय. शेवटच्या दिवसांतल्या एका दुपारी त्यांनी डोळे उघडले.

"दिवाळीत रणजितजवळ बस."

"बसते की. मी आहे ना."

"बाहेर नको उभी राहूस. आत बस. त्याला कोणीतरी आत लागतं."

आत बसेन, असं मी कबूल केलं.

त्या वर्षी आमच्या दारात पणती नव्हती, आकाशकंदील नव्हता. नितीन गुरुग्रामला चल म्हणाला, मी रणजितचं कारण सांगून राहिले. अंधार पडायला लागल्यावर बाथरूममध्ये सगळी मांडामांड केली. बादली उलटी केली. खिडकीवर ब्लँकेट अडकवलं. ट्रान्झिस्टर लावला. बादलीवर बसले आणि हाक मारली, "रणजित, ये." तो आला नाही. पहिला बॉम्ब फुटला तरी आला नाही. मी त्याला आत ओढत आणला, त्याचे कान झाकले. तो माझ्याकडे बघत राहिला, जांभई दिली आणि माझ्या पायांवर झोपून गेला. बाहेर आभाळ फाटत होतं, आणि हा घोरत होता! मला वाटलं, दुःखाने बधीर झालाय बिचारा. त्या रात्री आमच्या घरात तेवढाच एक शांत होता.

नंतर डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मागे टाळी वाजवून पाहिली. मग ताटली आपटली. "आंटी, इसे अब सुनाई नहीं देता।" म्हातारपणी कान गेले होते. डोक्यातली रसायनं होती तशीच असतील म्हणाली, पण आता त्यांच्यापर्यंत बातमीच पोचत नाही.

मी घुटमळले. मग विचारलंच. हे असं भीतीचं प्रमाण, जवळ बसून बसून एकातून दुसऱ्यात जाऊ शकतं का? ती म्हणाली, "किससे किसमें, आंटी?" मी म्हटलं, असंच विचारतेय. ती हसली. "नहीं आंटी। विरासत नीचे जाती है, बगल में नहीं।"

आता तिला कसं सांगावं? त्या दिवाळीत बादलीवर बसून प्रत्येक आवाजाला दचकत होते ती मी होते. मी! जिने आख्ख्या शाळेला धाकात ठेवलं! माझी समजूत अशी, की मला भीती वाटायचीच नाही, कारण आमच्या घरात घाबरायचं खातं यांच्याकडे होतं. इतकी वर्षं त्यांनी ते बिनबोभाट सांभाळलं. ते गेल्यावर जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. आता कुकरच्या शिट्टीला माझा जीव दडपतो. जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून बसते. फुलके आता पुन्हा सुरू केलेत. सकाळी फुलका फुगतो आणि मी एक पाऊल मागे सरते, तेव्हा रणजित ओट्यापाशी उभा राहून माझ्याकडे बघत असतो. त्याला आता फुलका आवडतो.

गेल्या दिवाळीला पूजा केली, यांच्या फोटोसमोर ताट ठेवलं. रणजित हॉलच्या मधोमध, पंख्याखाली पसरला होता. त्याला आत यायची गरज उरली नव्हती, आणि माझं कबूल केलेलंही खरं तर तिथेच संपत होतं. तरी मी चकल्यांची ताटली उचलली, आत जाऊन कडी लावली आणि बादलीवर बसले. आवाज सुरू झाले. मी दोन्ही कान झाकले. बऱ्याच वेळाने कळलं, की दारावर कोणीतरी ठोठावतंय. नितीन होता. त्याच्याकडे किल्ली असते. त्याने अमेरिकेला सांगितलं असावं, की यंदा जमणार नाही.

"आई? आत काय करतेस? बरं नाही का?"

बाहेर एक माळ तडतडत होती. मी गणिताच्या बाईंच्या आवाजात सांगितलं, "काही नाही रे. पोट बिघडलंय. चकलीत मोहन जास्त पडलं वाटतं."

मग एक सुतळी बॉम्ब फुटला, जवळच, आमच्याच गेटपाशी असावा. दाराला बाहेरून काहीतरी टेकलं. त्याची पाठ असावी. दार बारीक थरथरत होतं.

"आई," बाहेरून आवाज आला, "माझंही जरा बिघडलंय. आत जागा आहे?"

मी कडी काढली. पन्नाशीला आलेला, मोठ्या खुर्चीवरचा माझा मुलगा आत आला आणि भिंतीला टेकून फरशीवर बसला. मी ब्लँकेट त्याच्या अंगावर टाकलं आणि त्याचे कान झाकले. हॉलमध्ये रणजित घोरत होता. फरशी गार होती, नितीनची कंबर दुखते, हे सगळं मला दिसत होतं. पण बादली एकच होती, आणि ती मी सोडली नाही.